मुदतीचा पाहुणा

ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी ह्या शब्दाची फोड आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती शास्त्रशुद्ध आहे की नाही, हे भाषापंडितांनी ठरवावे. मराठी मनाने तो अर्थ पक्का धरला आहे ह्यात संशय नाही. आजच्या जगात मात्र परक्या देशात पाऊल ठेवणाऱ्या माणसाच्या हाती जो कागद असतो, त्यावरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिथी हीच असते. एक येण्याची आणि एक जाण्याची. त्यास व्हिसा म्हणा, परमिट म्हणा, परवाना म्हणा. त्याचे सांगणे एवढेच, की ये, परंतु अमुक दिवशी जा. शीक, परंतु कमावू नको. काम कर, परंतु अमक्याकडेच कर. अशा रीतीने आलेल्या माणसास काय म्हणावे? तो अतिथी नव्हे, कारण त्याला तिथी आहे. तो घरचाही नव्हे, कारण त्याला जावयाचे आहे. ज्याच्याकडून आपण वर्षानुवर्षे काम करून घेतले, किंवा ज्याच्याकडून शिक्षणाची फी घेतली, त्या माणसाविषयीचे आपले सारे देणे त्याची तारीख उलटली एवढ्यानेच फिटते काय? ह्या प्रश्नाचा थोडा विचार येथे करावयाचे आम्ही योजिले आहे.

हा प्रश्न सुचण्यासाठी वॉशिंग्टनला किंवा लंडनला जावयास नको. पुण्याच्या पश्चिमेस लागून असलेला मुळशी तालुका त्यास पुरेसा आहे. ह्या तालुक्यातील हिंजवडी, माण ह्या गावांच्या शिवारात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संगणकाच्या कंपन्यांची जी नगरी उभी राहिली, तिच्यातून अमेरिकेस जाणाऱ्या तरुणांची रीघ वर्षानुवर्षे चालली आहे. त्याच तालुक्यात लवळे येथील टेकडीवर सिंबायोसिसचे विद्यापीठ आहे आणि तेथे आशिया-आफ्रिकेतील देशांतून मुले-मुली शिकावयास येतात. एका शिवारातून आमची माणसे मुदतीच्या कागदावर परदेशी जातात. दुसऱ्या टेकडीवर परदेशची माणसे तशाच कागदावर येतात. पहिल्यांच्या कागदाविषयी आमच्या घरांतून अहोरात्र बोलणे चालते. त्याची मुदत, त्यावरचा शिक्का, वकिलातीतील मुलाखत, ह्यांची माहिती घरातील आजीबाईंनाही तोंडपाठ असते. दुसऱ्यांच्या कागदाविषयी मात्र, घर भाड्याने देताना करावी लागते तेवढीच चौकशी आम्ही करतो.

अतिथिधर्माचे जे गोडवे आपल्या परंपरेत गायिले गेले आहेत, ते ह्या ठिकाणी फारसे उपयोगी पडत नाहीत, हे आधीच सांगून टाकले पाहिजे. मनुस्मृतीत अतिथीचे जे लक्षण दिले आहे ते एक रात्र राहणारा असे आहे. त्याचे राहणे अनित्य, म्हणूनच तो अतिथी. एका रात्रीच्या पाहुण्यास पाय धुवावयास पाणी, बसावयास आसन आणि आपल्या आधी जेवण देणे हे गरीब गृहस्थासही साधते. गृहस्थाचे औदार्य आणि पाहुण्याची मुदत ह्यांचा हा मेळ आमच्या पूर्वजांनी मोठ्या व्यवहारी बुद्धीने घातला होता. जर्मन तत्त्ववेत्ता कांट ह्याने १७९५ मध्ये चिरशांतीवर जो प्रबंध लिहिला, त्यातही परभूमीवर येणाऱ्या मनुष्यास भेटीचा हक्क आहे, पाहुणा म्हणून मुक्काम करण्याचा हक्क नाही, असाच निवाडा दिला आहे. पृथ्वी गोल, म्हणून माणसांना अमर्याद पांगता येत नाही, शेवटी एकमेकांचा शेजार सोसावाच लागतो, हे त्याने दिलेले कारण. मनू आणि कांट ह्यांची एरवी फारशी सोबत घडणार नाही. पण दोघांच्याही डोळ्यांपुढे येऊन जाणारा प्रवासी आहे. जो येतो आणि अकरा वर्षे राहतो, ज्याची मुले तेथील शाळेत जातात, जो कर भरतो आणि तरीही ज्याची पेटी मनातल्या मनात नेहमी बांधलेली असते, त्याच्याविषयी दोघेही काही बोलत नाहीत.

त्याच्याविषयी काही ठाऊक होते ते आमच्या जुन्या खेड्यास. पेशवाईतील आणि तिच्याही आधीच्या मराठी खेड्यात जमीन कसणारांचे दोन मुख्य वर्ग असत: मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. सरकारधारा भरीत राही तोपर्यंत त्यास कोणी उठवीत नसे. गावच्या गोतसभेत त्यास बसावयास जागा असे. आणि दुष्काळाने किंवा धामधुमीने गाव सोडून तो परमुलखी गेला, तरी पुष्कळ वर्षांनी परतून आपली मिरास मागावयाची त्यास मुभा असे. उपरी हा बाहेरून आलेला. पडीत पडलेली किंवा गतकुळीची जमीन तो मुदतीच्या कराराने कसे. त्यास धारा बहुधा हलका बसे, कारण जमीन ओसाड राहण्यापेक्षा नांगरलेली गावास हवी असे. परंतु गावच्या निवाड्यात त्याच्या बोलण्यास वजन नसे, आणि मुदत संपून करार नवा झाला नाही तर त्याने आपला नांगर दुसऱ्या गावी न्यावा. आजच्या कामाच्या व्हिसाचा सगळा हिशेब ह्यात आला आहे. गावास हात पाहिजेत; त्या हातांचा धनी चावडीवर येऊन बसावयास नको.

मात्र जुन्या व्यवस्थेत एक सोय होती. गावाच्या संमतीने, काही रक्कम देऊन, उपऱ्यास मिरासपत्र करून घेता येत असे. हे सर्वांस साधे असे नव्हे, आणि जातीपातीच्या भिंती तर त्या काळी आणखी वेगळ्याच उभ्या होत्या. तरी उपरी हा कायमचाच उपरी राहिला पाहिजे, असे गावाने गृहीत धरलेले नव्हते. पुढे ती व्यवस्था गेली; शब्द तेवढा मागे उरला आणि त्यास नुसता तुच्छतेचा वास राहिला. लक्ष्मण माने ह्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनास 'उपरा' हेच नाव दिले. ज्या भटक्या जमातीत त्यांचा जन्म झाला, तिला कोणत्याही गावच्या शिवेत हक्काची जागा नव्हती. आपल्याच देशात, आपल्याच भाषेत माणूस उपरा राहू शकतो, हे त्या एका शब्दाने पुरते सांगितले.

आता हिंजवडीचा तरुण ज्या कागदावर जातो तो पाहू. 'एच-१बी' हा परवाना आजच्या रूपात अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने आला. तो माणसाच्या अर्जावर मिळत नाही; त्याला नोकरी देणाऱ्या मालकाच्या अर्जावर मिळतो. प्रथम ३ वर्षे, पुढे वाढवून एकंदर ६ वर्षे, अशी त्याची मुदत. दरसाल सर्वसाधारण वर्गात ६५,००० आणि तेथील उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० एवढीच संख्या ठरलेली. नोकरी गेली तर नवा मालक शोधावयास जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात जमले नाही, तर घर, गाडी, मुलांच्या शाळा, सारे आवरून निघावयाचे. कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, परंतु नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या कायम परवान्यांपैकी कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांस सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक मिळू नयेत, असा दंडक आहे. त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग दशकांच्या हिशेबाने मोजावी लागते. रांगेत उभ्या असलेल्यांस ६ वर्षांपुढेही मुदतवाढ मिळत राहील, अशी तरतूद २००० च्या कायद्याने केली; ती दयाबुद्धीने केली असे आम्ही मानतो, पण तिचा परिणाम असा झाला की 'तात्पुरता' ह्या शब्दाला काही अर्थच उरला नाही. तात्पुरतेपण हीच त्या माणसाची कायमची स्थिती झाली. अशा माणसाच्या पत्नीस २०१५ पर्यंत तेथे नोकरीची मुभाच नव्हती. त्या वर्षी काहींना मिळाली. आणि कडेवर बसून गेलेले मूल २१ वर्षांचे झाले, की आईबापांच्या कागदावरून त्याचे नाव गळते. जो देश त्यास स्वतःचा वाटतो, तेथे राहण्यासाठी मग त्यास नवा परवाना मागावा लागतो.

१९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी अशा नव्या अर्जावर १,००,००० डॉलरची रक्कम बसविल्याचे जाहीर केले, तेव्हा सुट्टीवर मायदेशी आलेल्यांस काही बड्या कंपन्यांनी एका दिवसाच्या आत परत येण्यास कळविले. जुन्या परवानेधारकांस ही रक्कम लागू नाही, असा खुलासा लगेच झाला खरा. पण त्या मधल्या तासांत कित्येक घरांतील माणसे ताटावरून उठून विमानतळाकडे निघाली. रकमेपेक्षाही हे उठणे आम्हांस अधिक विचार करण्यासारखे वाटते. दहा वर्षे एका गावी राहिलेला, तेथे घर घेतलेला माणूस कोणत्या बातमीने किती वेगाने उठतो, ह्यावरून त्याच्या पायाखालची जमीन किती त्याची आहे, हे समजते.

तारखांची ही व्यवस्था अनादी आहे, असे मात्र कोणी समजू नये. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या, तेव्हा त्यांच्यापुढील अडथळे पैशाचे होते, समाजाचे होते, प्रकृतीचे होते. व्हिसाचा त्यांत नव्हता. पुढे ज्यांना मुळशीने 'सेनापती' केले, ते पांडुरंग महादेव बापट १९०४ मध्ये मुंबई विद्यापीठाची मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती घेऊन एडिंबरोस अभियांत्रिकी शिकावयास गेले, तेव्हाही अशा परवान्याची गरज नव्हती. पारपत्राची सक्ती पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत आली आणि १९२० च्या कायद्याने ती हिंदुस्थानात स्थिरावली. तरी त्या काळी दारे सताड उघडी होती म्हणून हळहळण्याचेही कारण नाही. बापटांनी एडिंबरोत ब्रिटिश राज्याविरुद्ध भाषण केले आणि त्यांची शिष्यवृत्ती गेली. शीक, पण बोलू नको, ही अट कागदावर लिहिलेली नव्हती. ती कागदावाचून अंमलात आली. २०२५ मध्ये अमेरिकेत काही परदेशी विद्यार्थ्यांचे परवाने त्यांच्या राजकीय मतांवरून रद्द झाले, तेव्हा आमच्याकडील पुष्कळांना हे काही नवेच वाटले. ज्याचे राहणे दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, त्याच्या जिभेवरही त्या मर्जीचा हात असतो. पारनेरच्या ह्या तरुणास ते एकशेवीस वर्षांपूर्वी कळून चुकले होते.

इतके सांगून झाल्यावर परवान्याची बाजूही ऐकली पाहिजे, आणि ती लंगडी नाही. आमच्याच राजनीतीतील एक थोर ग्रंथ त्या बाजूस उभा आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास आज्ञापत्र लिहिले, त्यात टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयी, राजास सावध केले आहे. हे इतर सावकारांसारखे नव्हेत. ह्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत. ह्यांना येऊन-जाऊन व्यापार करू द्यावा, पण राहावयास ठाव सहसा देऊ नये. वखारीस जागा द्यावीच लागली तर समुद्रकिनारी किंवा खाडीकाठी न देता आत, एखाद्या मोठ्या गावाच्या आसऱ्यास द्यावी, असा त्यांचा आशय आहे. मुदतीचा परवाना म्हणजे काय आणि तो कशासाठी, ह्याचे ह्याहून स्पष्ट विवेचन त्या काळच्या मराठीत आम्हांस ठाऊक नाही. पुढच्या शंभर वर्षांत जे घडले त्याने अमात्यांचे भय अक्षरशः खरे केले. तेव्हा आपले दार कोणासाठी, किती वेळ उघडावे हे ठरविण्याचा हक्क गावास आहे, हे ज्यांना मान्य नसेल त्यांनी निदान मराठ्यांचा इतिहास वाचून तसे म्हणावे.

आम्ही हा हक्क मान्य करतो. परंतु अमात्यांच्या भयाचे नीट पृथक्करण केले पाहिजे. त्यांना भय होते ते तोफा, गलबते आणि दूरचा राजा पाठीशी असलेल्या संघटित सत्तेचे. जो एकटा माणूस आपली पदवी आणि दोन पेट्या घेऊन येतो, आणि ज्याची कंपनी त्याच्या पाठीशी नसून डोक्यावर असते, त्यास टोपीकरांच्या पंक्तीत बसविणे म्हणजे अमात्यांच्या शहाणपणाचा दुरुपयोग करणे होय. शिवाय दार न उघडणे ही एक गोष्ट, आणि दार उघडून, आत घेऊन, वीस वर्षे काम करून घेऊन मग 'तुझे येथे काय आहे?' असे विचारणे ही अगदी दुसरी गोष्ट. पहिलीत गाव आपला हक्क बजावते. दुसरीत ते घेतलेले देणे बुडविते.

ह्यावर सुशिक्षित माणूस जो आक्षेप घेतो तो करारनाम्याचा. त्याने डोळे उघडे ठेवून सही केली. मुदत त्याला ठाऊक होती. कोणी त्यास बांधून नेले नाही. मग तक्रार कसली? आक्षेप बिनतोड दिसतो. परंतु तो मुळशीत उच्चारण्यापूर्वी थोडे थांबावे, कारण ह्या तालुक्याने करारनाम्याचा न्याय एकदा फार जवळून पाहिला आहे.

मुळा आणि निळा ह्या नद्यांच्या संगमाशी धरण बांधून त्या पाण्यावर भिऱ्यास वीज करावी आणि ती मुंबईस न्यावी, अशी टाटांची योजना होती. मावळातील पन्नासच्या आसपास गावांची जमीन त्यात जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रह सुरू झाला. बापट, विनायकराव भुस्कुटे आदी मंडळींनी तो १९२४ पर्यंत चालविला आणि तुरुंग भोगले. आज तो लढा धरणाविरुद्धच्या जगातील आद्य लढ्यांपैकी एक म्हणून सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. पण त्यातील एक गोष्ट आम्ही पुणेकर हळू आवाजात सांगतो. त्या खोऱ्यातील पुष्कळशी जमीन दप्तरी पुण्याच्या सावकारांच्या नावे होती. पिढ्यान् पिढ्या भाताची खाचरे लावणारे मावळे त्यांची कुळे होती. सावकारांनी अखेर मोबदल्याचा सौदा पत्करला. ज्याचे नाव कागदावर त्यास पैसा, आणि ज्याचा घाम चिखलात त्यास वाट. करारनाम्याच्या दृष्टीने त्यात काही वावगे नव्हते. कूळ आपल्या संमतीनेच दरसाल जमीन कसावयास घेत होते, आणि सावकार 'पुढील साली नको' असे केव्हाही म्हणू शकत होता.

हा न्याय महाराष्ट्रास पुढे नकोसा झाला. मुंबई इलाख्याच्या १९३९ च्या कूळ कायद्याने प्रथम असे मानले की १ जानेवारी १९३८ च्या आधी सलग ६ वर्षे ज्याने जमीन स्वतः कसली, ते 'संरक्षित कूळ' होय. त्यास नुसत्या मर्जीने काढता येणार नाही. नंतर १९४८ चा कायदा आला, आणि त्यातील पुढच्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरून कूळ हे जमिनीचे खरेदीदार मानले गेले. किंमत हप्त्यांनी भरावयाची. ह्या कायद्याची अंमलबजावणी कोठे कशी झाली हा स्वतंत्र विषय आहे. आम्हांस येथे त्याच्या पोटातील तत्त्वाशी काम आहे. एका वर्षाच्या करारावर आलेला माणूस वर्षानुवर्षे राहिला आणि राबला, की काळ आपले काम करितो. ज्या हक्काचा करारात उल्लेखही नव्हता असा हक्क त्या राबण्यातून उत्पन्न होतो, आणि मूळ करार पुढे करून तो नाकारता येत नाही. ६ वर्षे हा आकडा वाचकांच्या ध्यानात आलाच असेल. अमेरिकेच्या परवान्यात ६ वर्षांनी माणसाने निघावयाचे असते. आमच्या १९३९ च्या कायद्यात ६ वर्षांनी त्याचे राहणे पक्के होत होते.

येथे आम्हांस आमच्या वाचकांपुढे एक अडचणीची गोष्ट मांडली पाहिजे. कूळकायद्यात जमीन गेली म्हणून अद्याप हळहळ करणारी घरे आमच्या वाचकवर्गात थोडीथोडकी नाहीत. आजोबांची जमीन कुळाने 'बळकावली', ही कथा ज्या दिवाणखान्यात सांगितली जाते, त्याच दिवाणखान्यात नातवाची तेरा वर्षे अमेरिकेत गेली तरी कायम वास्तव्याचा कागद मिळत नाही, हा केवढा अन्याय, अशीही चर्चा चालते. दोन्ही दुःखे खरी असू शकतात. ज्यांचे सारे पोट त्या जमिनीवर होते अशा विधवांचे हाल झाले, हेही खरे आहे. पण नातवाची बाजू ज्या युक्तिवादावर उभी आहे, तो युक्तिवाद कुळाचा आहे. 'मी येथे राबलो, येथे माझी मुले वाढली, आता मला मर्जीवर ठेवू नका.' तो नातवाच्या तोंडी न्याय आणि कुळाच्या तोंडी लबाडी, असे म्हणावयाचे असेल, तर दोहोंतील भेद दाखवावा लागेल. आम्ही पुष्कळ शोधला. नातू आमचा, ह्यापलीकडे तो आम्हांस सापडला नाही.

मुदतीने नेलेल्या माणसांचा एक मराठी इतिहास आणखीही आहे. १८३४ पासून मॉरिशस बेटावर उसाच्या मळ्यांसाठी हिंदी मजूर करारावर नेले जाऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणची मराठी माणसे होती. पुढे पाच वर्षांचा करार हा तेथील नेम झाला. कराराची मुदत भरलेल्या मजुरांना 'जुने आप्रवासी' म्हणत. ते मोकळे झाले असे कागदावर होते, परंतु १८६७ च्या कायद्याने त्यांनी छायाचित्र चिकटविलेले तिकीट सतत जवळ बाळगावयाचे होते. ते जवळ नसले तर रस्त्यातून उचलून भटक्या म्हणून शिक्षा. १८७१ मध्ये नऊ हजारांहून अधिक जणांच्या सह्यांचा अर्ज गेला, आणि त्यानंतर चौकशीसाठी राजकीय आयोग नेमावा लागला. ह्या मजुरांपैकी पुष्कळ जण परतले नाहीत. त्यांचे वंशज आज त्या बेटाचे नागरिक आहेत, आणि तेथे मराठी शिकविली जाते. तेथील मळेवाल्यांनाही हातच हवे होते. माणसे आली, आणि राहिली.

मॉरिशसचे नाव पुण्यात निघाले, की एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. लवळ्याच्या टेकडीवरील विद्यापीठाचे मूळ तीतच आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविणारे शां. ब. मुजुमदार तेथील वसतिगृहाची देखरेखही पाहत. एक मुलगी वसतिगृहाच्या खिडकीतून एका मुलास जेवण देताना त्यांनी पाहिली. शिस्तीचा भंग समजून चौकशी केली तेव्हा कळले, की मुलगा मॉरिशसचा विद्यार्थी आहे, काविळीने अंथरुणास खिळला आहे, आणि मुलगी त्याची बहीण आहे. परदेशी मुलांसाठी काहीतरी करावे, ह्या विचारातून त्यांनी १९७१ मध्ये सिंबायोसिस ही संस्था काढली. भिन्न जातीच्या दोन जीवांनी एकमेकांच्या आधाराने जगावे, त्यास वनस्पतिशास्त्रात जे नाव आहे, ते त्यांनी संस्थेस दिले. आता त्या मुलाचे कागद त्या वेळी पुरते व्यवस्थितच असतील. फी भरलेली असेल, नोंद झालेली असेल, मुदत चालू असेल. आणि तरी काविळीत पथ्याचे अन्न त्यास खिडकीतून घ्यावे लागत होते. परवान्याने जे मिळते आणि माणसास जे लागते त्यांतील अंतर मोजावयास ह्याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आज आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती काय आहे? १८० दिवसांहून अधिक राहावयाचे असल्यास आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावयाची. ज्याच्या घरी तो उतरेल त्याने २४ तासांत सरकारास कळवावयाचे. शिकण्याच्या परवान्यावर त्यास नोकरी करता येत नाही. १९३९ आणि १९४६ चे, परसत्तेने केलेले कायदे आपण स्वातंत्र्यानंतरही पाऊणशे वर्षांहून अधिक काळ चालविले. १ सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्या जागी एकच नवा कायदा आला. ह्या नोंदण्यांना आमचा विरोध नाही. कोण आले हे घरधन्यास माहीत असलेच पाहिजे. आणि विद्यार्थ्याची मुदत पुष्कळ अंशी खरी मुदत असते, हेही आम्ही मानतो. तो पदवीसाठी आला आहे, पदवी घेऊन जाणार आहे. सहा वर्षे राबलेल्या माणसाचा दावा तो सहसा सांगत नाही. म्हणूनच त्याच्याविषयीचे देणे जाण्याच्या तारखेनंतरचे नसून त्या तारखेच्या आतले आहे. तो आजारी पडला तर कोणी विचारावे, त्याचे नाव नीट उच्चारावे, त्याचा रंग पाहून भाडे ठरू नये, हे त्या देण्यात मोडते. कायदा ह्यांपैकी फार थोडे देऊ शकतो. सूस, बावधन, लवळे ह्या भागांत ज्यांच्या सदनिका भाड्याने जातात, त्या आमच्याच वाचकांच्या आहेत.

राहिला प्रश्न वर्षांचा. किती वर्षांनी उपऱ्यास मिरासपत्र मागता यावे? आमच्या १९५५ च्या नागरिकत्वाच्या कायद्यात परकीयास नागरिक करून घेण्यासाठी सर्वसाधारणपणे १२ वर्षांच्या वास्तव्याची अट आहे, आणि ती पुरी झाली तरी देणे-न देणे सरकारच्या मर्जीवर आहे. तेव्हा अमेरिकेस नावे ठेवताना आपल्या दारावरची ही पाटीही वाचावी. आमचे मत विचाराल तर वर्षांचा आकडा प्रत्येक देशाने आपल्या सोयीने ठरवावा. तो सहा असो वा दहा. परंतु तो आकडा आधी सांगितलेला असावा, सर्वांस सारखा असावा, माणूस कोठे जन्मला ह्यावर तो सहाचा साठ होऊ नये, आणि तो भरल्यावर पुराव्याचा भार उलटा व्हावा: आपण का राहावे हे त्या माणसाने सांगत बसू नये, त्याने का जावे हे सरकारने दाखवावे. ज्या देशास हे परवडत नसेल त्याने मुदत खरीच ठेवावी, म्हणजे दोन-तीन वर्षांनी निरोप द्यावा आणि त्याबरोबर त्या माणसाच्या कामावाचून चालविण्याचीही तयारी ठेवावी. आणि परवाना एकाच मालकाच्या हाती बांधून देण्याची जी रीत आहे, तिला तर कोणत्याही मुदतीचे समर्थन पुरणार नाही. वर्षाच्या करारावरचे उपरी कूळही मुदत भरल्यावर नांगर उचलून दुसऱ्या गावी जाऊ शकत होते.